अंगणातला लिंब छाटायचाय? आधी तार बघा, मग माणूस, मग झाड

फेब्रुवारी उजाडला की नांदेड असो की लातूर, अंगणातला लिंब पानं गाळायला लागतो. रोज सकाळी अंगणभर पिवळा सडा पडतो अन् घरात एकच विषय निघतो, "यंदा हे झाड कमी करायचं." मग कुणीतरी अड्ड्यावरून एक मजूर आणतो, तो कोयता कमरेला खोचून वर चढतो अन् आपण खाली खुर्ची टाकून बसतो. आपल्याकडे छाटणी म्हणतात ती बहुतेक अशीच होते.

लिंब म्हणजे कडुनिंब. घरात आपण नीम म्हणतो. लिंबूवाला लिंब नव्हे.

आमच्या घरामागचा लिंब अब्बांनी लावलेला. अब्बा आता नाहीत. झाड दोन मजल्यांच्या वर गेलंय. दोन वर्षांपूर्वी त्याच्या फांद्या शेजारच्या पत्र्यावर टेकल्या होत्या अन् खांबावरून घरात येणारी विजेची तार पानांत पार बुडाली होती. शेजारचे काका दोनदा सांगून गेले, "सर, वारा सुटला की रात्री पत्रा वाजतो, झोप लागत नाही." अम्मीचं म्हणणं वेगळंच, "झाड कू नक्को काटो, छाँव जाती." दोघांचंही खरं होतं.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही एक मजूर बोलावला. अनवाणी पाय, हातात कोयता, खांद्यावर दोर. आम्ही घरातलं मेन स्विच बंद केलं अन् मोठी काळजी घेतल्याच्या समाधानात चहा घेत बसलो. अर्ध्या तासानं एक जाड फांदी अर्धवट तुटली, खालची साल ओरबाडत आली, झोक्यासारखी फिरली अन् थेट तारेवर आदळली. ठिणग्या उडाल्या. त्या माणसानं खोडाला मिठी मारली म्हणून तो वाचला. क्षणभर आधी त्याचा हात त्याच फांदीवर होता. तो खाली उतरला, पाणी मागितलं. ग्लास धरताना त्याचे हात थरथरत होते. त्याचं नाव काय, घरी कोण आहे, हे आम्ही त्यानंतर विचारलं. दोन लहान मुलं होती.

आम्ही आठवीच्या वर्गात विजेचे सुवाहक-दुर्वाहक शिकवतो. ओलं लाकूड वीज वाहून नेतं हे फळ्यावर लिहितो. अन् घरी एका माणसाला तारेजवळच्या ओल्या झाडावर चढवून आम्ही चहा पीत होतो. त्या दिवशी आमचं तीन ठिकाणी चुकलं: तारेबाबत, माणसाबाबत अन् झाडाबाबत. त्यानंतर जाणकारांना विचारून, वाचून जे समजलं ते त्याच क्रमानं इथं मांडतो.

पहिली गोष्ट: तार

मेन स्विच बंद केलं की झालं, हा आपल्यातल्या बहुतेकांचा समज. ते स्विच मीटरच्या पुढं असतं. त्यामुळं स्विच बंद केल्यावर घरातली वीज जाते, पण खांबापासून मीटरपर्यंत येणारी तार, जी झाडातून जाते तीच, चालूच राहते. तिच्यात २३० व्होल्ट असतात. उन्हापावसात अनेक वर्षं राहून तिचं वरचं आवरण तडकलेलं असतं. रस्त्यावरच्या मोठ्या लाइनला तर ११ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते.

म्हणून तार अन् फांदी यांच्यात १० फुटांपेक्षा कमी अंतर असेल तर ते काम आपलंही नाही अन् अड्ड्यावरच्या मजुराचंही नाही. ते काम वीज कंपनीचं. आपण अजून एमएसईबी म्हणतो, पण २००५ पासून ती महावितरण आहे. १९१२ या टोल फ्री नंबरवर फोन करा, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक सांगा, किंवा जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या अन् त्याची पोच घ्या. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं लाइनजवळच्या फांद्या तोडत फिरतात. त्या वेळी गर्दी असते, म्हणून अर्ज जानेवारीतच द्यावा. घरगुती तारेसाठी लाइनमननं खांबावरून पुरवठा तोडल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. "लाइट गेलीय, तोवर उरकून घेऊ" असं तर कधीच करू नका. लाइट कधी येईल हे झाडावरच्या माणसाला कळत नसतं.

फांदी तारेवर पडलीच तर सगळं झाड चालू तारेसारखं समजा. खोडाला हात लावू नका, लोखंडी शिडी लावू नका, ओल्या बांबूनं ढकलू नका. सगळ्यांना ३० फूट तरी लांब करा अन् १९१२ ला फोन लावा. माणूस चिकटला असेल तर त्याला ओढायला धावणारा दुसराही जातो. आधी वीज बंद झाल्याची खात्री, मगच हात लावायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

दुसरी गोष्ट: माणूस

६ इंच जाड अन् १२-१३ फूट लांब ओल्या फांदीचं वजन सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याएवढं भरतं, कधी जास्तच. पोतं निदान सरळ खाली पडतं. फांदी फिरते, उसळते, दुसऱ्या फांदीवर आपटून परत येते. तिच्या वाटेत माणूस एका हातानं लोंबकळत असतो.

आम्ही आता एक साधा नियम पाळतो. जमिनीवर पाय ठेवून लांब दांड्याच्या करवतीनं जेवढं निघेल तेवढंच घरच्यांनी काढायचं. त्याच्या वरचं काम हे काम रोज करणाऱ्या, कमरेला बेल्ट अन् डोक्याला हेल्मेट असलेल्या माणसाचं. तो जास्त पैसे घेतो. ते पैसे त्याच्या दोराचे अन् बेल्टचे असतात, तिथं घासाघीस करू नये.

काम कुणीही करो, या गोष्टी आपण उभं राहून बघायच्या:

शिडी तोडायच्या फांदीला कधीच टेकवू नये. फांदी तुटली की हलकी होऊन वर उसळते अन् शिडी निसटते. शिडी खोडाला टेकवून वर दोरानं बांधावी. १२ फूट उंच टेकवली असेल तर पाया खोडापासून ३ फूट लांब हवा. शिडी विजेच्या जवळपास असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची नको.

मशीनची करवत, म्हणजे चेन सॉ, शिडीवर उभं राहून चालवायची नाही, एका हातानं नाही अन् खांद्याच्या वर धरून तर नाहीच. वर हातकरवत चालते. चेन सॉ खाली पडलेल्या फांद्यांसाठी ठेवावी.

खाली एक माणूस फक्त बघायला हवा. त्याचं दुसरं काम नाही. वरच्यानं "सोडतो" म्हटल्यावर खालच्यानं "सोड" म्हणेपर्यंत फांदी सोडायची नाही. फांदीच्या लांबीच्या दुप्पट जागा मोकळी ठेवायची. पोरंबाळं, बकऱ्या, मोटारसायकली सगळं त्याच्या बाहेर. गल्लीत काम असेल तर दोन्ही बाजूंनी दोर लावून रस्ता अडवायचा. जुम्म्याची किंवा शाळा सुटायची वेळ टाळायची.

मोहोळ आहे का, हे आदल्या दिवशीच बघून घ्या. वर चढल्यावर माश्या उठल्या तर माणूस उडी मारतो. वारा असेल, पाऊस पडून साल निसरडी झाली असेल, तर काम दुसऱ्या दिवशी. मे-जूनमध्ये आपल्याकडं दुपारनंतर वळवाचे ढग येतात, विजा पडतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं दामिनी ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. ते मोबाइलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला की झाडावरून खाली अन् झाडापासूनही लांब.

माणूस पडला तर त्याला काखेत धरून बसवायला जाऊ नका. पाठीच्या मणक्याला मार असेल तर तेवढ्यानं आयुष्यभराचं अपंगत्व येतं. आहे तसा पडू द्या, मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा.

अजून एक. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वयाच्या कुणालाही, बँकेत खातं असलं की. मजुराला चहा देताना "हा विमा काढलाय का?" एवढं विचारा. नसेल तर बँकेत फॉर्म भरून द्यायला आपला अर्धा तास जाईल.

तिसरी गोष्ट: झाड

तार अन् माणूस सांभाळला, आता झाडाकडं येऊ. इथली चूक लगेच दिसत नाही, चार-पाच वर्षांनी दिसते. आमच्या आपाचं घर लातूरला आहे. त्यांनी कटकट नको म्हणून अंगणातला लिंब वरून सपाट मुंडा करून घेतला होता. पहिल्या वर्षी छान वाटलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक थोटकावर झाडूसारखे दहा-पंधरा फुटवे फुटले अन् पाच वर्षांत झाड आधीएवढंच उंच झालं. फरक एवढाच की जुनी फांदी खोडाच्या आतून आलेली असते, हे फुटवे मात्र सालीजवळून वरवर चिकटलेले. एका मे महिन्यातल्या वादळात त्यातले तीन एकदम फाटून पत्र्यावर आले. त्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

म्हणून शेंडा उडवायचा नाही. उंची कमी करायचीच असेल तर लांब फांदी मागं आणून तिच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपाशी कापावी. ती बाजूची फांदी निदान एक-तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढचं काम ती सांभाळते.

काय काढायचं याचा क्रम असा: आधी वाळलेल्या, मोडक्या, किडक्या फांद्या. मग एकमेकींवर घासणाऱ्या. मग पत्र्यावर, भिंतीवर, रस्त्यावर आलेल्या. एवढं झालं की खाली उतरून लांबून बघा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त काढू नका, म्हाताऱ्या झाडाचं त्याहून कमी. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते अर्धं पाडलं तर झाड खाणार काय?

जाड फांदी तीन कापांत काढायची. हे आम्ही वर्गात खडूनं काढून दाखवतो:

१. खोडापासून फूटभर अंतरावर फांदीच्या *खालून* पाव-तृतीयांश जाडीपर्यंत काप द्यायचा.

२. त्याच्या दोन-चार बोटं *पुढं*, वरून काप द्यायचा. फांदी तुटून पडते, पण साल खालच्या कापापाशीच थांबते, खोडापर्यंत ओरबाडत जात नाही. आमच्या घरी हाच खालचा काप दिला नव्हता.

३. आता उरलेलं हलकं थोटूक काढायचं. फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर वळ असतो, शर्टाच्या कॉलरसारखा. त्याला कॉलरच म्हणतात. काप त्या कॉलरच्या जरा बाहेर घ्यायचा. कॉलर कापायची नाही अन् लांब खुंटीही ठेवायची नाही.

असं का? आपल्या कातडीची जखम भरते, तिथं नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं. झाड जखम बरी करत नाही, ती आतून बंद करून टाकतं अन् बाहेरून तिच्यावर नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वन खात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. जखम बंद करण्याची ही ताकद कॉलरमध्ये असते. खोडाशी सपाट कापलं तर ती जाते, खुंटी ठेवली तर ती वाळून कुजते अन् कूज खोडात शिरते. बरोबर कापलं तर जखमेभोवती गोल कडं तयार होऊन ते हळूहळू मिटतं. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासायची गरज नाही, त्यानं कूज थांबत नाही. आंबा, पेरू, मोसंबीच्या छाटणीनंतर बागवाले बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीसाठी असते.

वेळ कोणती? लिंबासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. पानं गळतात तेव्हा फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो, लगेच नवी पालवी येणार असते, घरटीही नसतात. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत झाड उघडं केलं तर आतापर्यंत सावलीत राहिलेली साल उन्हानं भाजते. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात. वाळलेली किंवा लोंबकळणारी फांदी मात्र धोक्याची, ती कोणत्याही महिन्यात काढावी.

२०२१ साली शेजारच्या तेलंगणात लिंबाचे शेंडे वाळून झाडं करपल्यासारखी दिसू लागली होती. आपल्याकडं असं दिसलं की लोक "झाड मेलं" म्हणून तोडायला निघतात. घाई करू नका. लिंब चिवट असतो, पुष्कळदा पुन्हा फुटतो. वाळलेले शेंडे खालच्या हिरव्या भागापर्यंत कापा, ते वेगळे उचला अन् एक पावसाळा वाट बघा.

परवानगी अन् मालकी

अंगण आपलं असलं तरी शहरातलं झाड मनाला वाटलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. झाडाला इजा होईल अशी कापाकापीही त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. आजोबांनी लावलेला लिंब सहज त्यात बसतो. म्हणून मोठ्या छाटणीआधी नांदेड-वाघाळा किंवा लातूर शहर महानगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्यावा, सोबत झाडाचे अन् धोक्याच्या फांदीचे फोटो. खेड्यात ग्रामपंचायत अन् तलाठ्याकडं विचारून घ्यावं, आंबा-चिंच-जांभळासाठी वेगळा कायदा आहे.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्याकडं आली तर रात्री गुपचूप कोयता चालवू नका. दोन्ही घरांनी एकत्र उभं राहून, खर्च वाटून घेऊन काम केलं तर झाडही वाचतं अन् बोलणंही राहतं.

मशीद, दर्गा, ईदगाह अन् कब्रस्तानातली झाडं वक्फच्या जागेवरची. तिथं एकट्या मुतवल्लीनं किंवा एखाद्या उत्साही तरुणानं ठरवू नये. कमिटीत ठराव घ्यावा, परवानगी काढावी अन् लाकूड विकलं तर पावती करून पैसे हिशोबात जमा करावेत. कब्रस्तानात फांदी दोरानं बांधून हळू उतरवावी, कबरींवर सोडू नये.

का एवढा खटाटोप?

तोडून टाकणं सोपं असतं, एका दिवसात मोकळं. पण लातूर जिल्ह्यात वनाचं क्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. त्या उन्हाळ्यातही लिंब हिरवे उभे होते अन् त्यांच्याच सावलीत घागरींच्या रांगा होत्या. ती सावली एका दिवसात जाते अन् परत यायला वीस वर्षं लागतात. शिवाय बकऱ्यांना पाला, धान्याच्या पेटीत वाळलेली पानं अन् जून-जुलैच्या लिंबोळ्या. शेतकरी ५ किलो लिंबोळीची भुकटी १०० लिटर पाण्यात वापरून फवारणीचा अर्क करतात. हे सगळं एकाच झाडातून.

झाड लावणं सदका आहे, हे आपण मुलांना सांगतो. रस्त्यावरची काटेरी फांदी बाजूला करणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीसही सांगतो. आमच्या समजुतीनं दोन्हींची सांगड म्हणजे नीट केलेली छाटणी: झाड ठेवायचं, त्रास काढायचा. पण त्यासाठी कुणा तिसऱ्याच्या लेकराचा बाप पणाला लावायचा नाही.

यंदा फेब्रुवारीत आम्ही पुन्हा काम काढलं. अर्ज जानेवारीत दिला, दोन चकरा झाल्या. लाइनमननं खांबावरून तार सोडवली, बेल्ट लावलेल्या माणसानं सकाळी ८ ते ११ मध्ये नऊ फांद्या काढल्या. खाली बघायला आम्ही स्वतः उभे होतो, या वेळी खुर्ची नव्हती. पत्रा मोकळा झाला. संध्याकाळी अम्मीनं बाहेर येऊन वर बघितलं अन् विचारलं, "काटे क्या नहीं काटे?"

तुमच्याकडं काम निघालं तर कोयता उचलण्याआधी एवढं विचारा:

— तार १० फुटांच्या आत आहे का? असेल तर १९१२ ला कळवलं का?
— वर चढणाऱ्याला बेल्ट, हेल्मेट अन् विमा आहे का?
— खाली बघणारा कोण? पोरं कुठं आहेत?
— कोणत्या फांद्या काढायच्या, हे खडूनं किंवा चिंधी बांधून ठरवलंय का?
— मोहोळ, घरटं, वारा, ढग बघितले का?
— महापालिकेला अर्ज दिला का?

यातल्या एकाचंही उत्तर नीट नसेल, तर काम पुढच्या रविवारी करा.